येशुदासमामांनी दाखवलेली जागा

सांडपाण्याच्या केंद्रात बसून चवीनं भाकरी खाणारा माणूस मी येशुदासमामांच्या आधी पाहिला नव्हता. शिरूर आणि रांजणगावच्या मधल्या माळावर तेरा गावांचं मिळून एक केंद्र आहे. गटारातून आलेल्या चिंध्या-पिशव्या अडवायला तिथं एक मोठी लोखंडी जाळी बसवलेली असते. तिच्या शेजारच्या कट्ट्यावर ते बसले होते. भाकरी, मेथीची भाजी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मी ओढणी नाकाला गच्च धरून उभी. त्यांनी डबा बाजूला सारला आणि म्हणाले, "बसा मॅडम. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच व्हतंय." मला वाटलं, काय माणूस आहे, कामाशी कसा एकरूप झालाय. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टी फार लवकर वाटतात.

मी साधना. आर्किटेक्ट. शिरूरच्या एसटी स्टँडमागं माझं ऑफिस आहे. तोवर माझ्या नावावर यवतच्या हायवेवरचे चार ढाबे, दोन मंगल कार्यालयं आणि राहूचा एक बंगला एवढीच कामगिरी होती. बंगला बापूसाहेबांचा. राहूला त्यांचा ऊस, दौंड तालुक्यात त्यांचा शब्द, आणि तेरा गावांच्या सांडपाणी समितीचे अध्यक्षही तेच. वरून पत्र आलं, की असली केंद्रं नुसती चालवून भागायचं नाही, ती लोकांना दाखवली पाहिजेत. शाळांच्या सहली आल्या पाहिजेत. त्यासाठी एक इमारत बांधा. बापूसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "जन्मभर आमाला घाण झाकायला शिकवलं," ते म्हणाले, "आन् आता म्हणं काच लावून दाखवा. तूच कर पोरी, तुला काचा लई आवडत्यात." कागदावर तिचं नाव 'अभ्यागत केंद्र' होतं. तिथली माणसं मात्र तिला बघायची इमारत म्हणायची.

येशुदास पाटोळे तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. जन्म शिरूरच्या मिशन कंपाउंडमधला. वडील मिशनच्या जुन्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. मामांनी तरुणपणी पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवले आणि हे केंद्र सुरू झालं त्या दिवशी इथं ऑपरेटर म्हणून आले. त्याला सोळा वर्षं झाली होती. कुठला पंप कसा आवाज करायला लागला की बिघडणार, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

या सोळा वर्षांत लोकांनी त्यांना काय दिलं तेही सांगते. रांजणगावच्या कंपन्यांच्या शिफ्टच्या बसमधून ते यायचे-जायचे. ते चढले की पोरं "अत्तरवाले आले" म्हणून खिडक्या उघडायची. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा उघडायची, कुडकुडत बसायची, पण उघडायची. चर्चमध्ये ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत. तिथं बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका नाताळच्या जेवणात शेजारच्या दोन बायका ताटं उचलून दुसऱ्या पंगतीत गेल्या, तेव्हापासून मामांनी ती जागा आपणहून धरली. हे सगळं त्यांनी मला हसत हसत सांगितलं. घरी गेल्यावर दोनदा अंघोळ, लाल साबण, वर दगडानं तळहात घासायचे. "अंगाचा वास निघतोय मॅडम," ते म्हणाले, "लोकांच्या डोक्यातला निघत न्हाई. तिथं साबण कसा लावायचा?"

पण त्यांना खरी टोचणी होती ती नातीची. एंजल शिरूरच्या शाळेत दुसरीत होती. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला मामा ड्यूटीवरून तसेच शाळेत गेले, आणि वर्गातल्या मुलींनी नाकं दाबली. तेव्हापासून एंजलनं त्यांना शाळेच्या गेटवर यायची बंदी करून टाकली. मैत्रिणींना तिनं सांगितलं, ते माझे आजोबा नव्हते, डबा पोचवणारा माणूस होता. हे तिनं घरी येऊन आईला सांगितलं आणि मामांनी ते बाहेरच्या खोलीतून ऐकलं. मला सांगताना ते या एका गोष्टीला हसले नाहीत.

नकाशा काढायच्या आधी केंद्र समजून घ्यावं म्हणून मी आठवडाभर रोज जात होते. मामा मला टाकी-टाकीवर फिरवून समजावून सांगायचे. ते इतकं नामी होतं, की तिसऱ्या दिवशी मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "पाणी आजारी हाय असं समजा मॅडम. ते हितं सरकारी दवाखान्यात आलं. ही जाळी म्हंजी केसपेपरची खिडकी. चिंध्या, पिशव्या, बाहेरचं बाहेरच ठिवायचं. ह्या टाकीत त्याला निजवायचं, जड जड असंल ते खाली बसतंय. ही पुढची टाकी, हितं खालनं हवा सोडत्यात, ही ऑक्सिजनची खोली. आन् पाण्यातलं जंतू म्हंजी नर्सा. सगळी घाण त्या काढत्यात, पाणी बरं करत्यात, आन् घरी जाताना त्यांचं नाव कुणी घेत न्हाई." मी पाच वर्षं कॉलेजात काढली, मला इतकं सोपं करून कुणी काही शिकवलं नव्हतं.

केंद्राचे मॅनेजर मारुतराव शेजारीच उभे होते. तेही खूश झाले. "इमारत झाली की गाईड म्हणून तुम्हालाच उभं करू मामा," ते म्हणाले. "पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड." पुढच्या बैठकीत मी हे बापूसाहेबांच्या कानावर घातलं, त्यांनीही मान डोलावली.

त्या दिवसापासून मामांना दुसरं काही सुचेना. सहली येणार म्हणजे एंजलचा वर्गही येणार. पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात उभी असणार आणि पांढऱ्या शर्टातले आजोबा हातात काठी घेऊन साऱ्या वर्गाला पाणी कसं बरं होतं ते सांगणार. त्यानंतर ती गेटवर या म्हणेल की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि म्हणेल अशी त्यांची खात्री होती. त्यांची बायको कृपाबाई मला म्हणायची, "जेवताना बी त्येच चालू असतंय बाई. पाणी आजारी हाय असं समजा. पोरीला सगळं पाठ झालं आता." मामा एंजलला विचारायचे, तुझ्या वर्गाला आणशील न्हवं? ती म्हणायची, बघू.

आता इमारत कुठं बांधायची हे ठरवायचं होतं. असल्या ठिकाणी नकाशाच्या आधी वास बघावा लागतो. आपल्याकडं विहिरीची जागा पाणाड्याला विचारतात, तशी मी वासाची जागा ऑपरेटरला विचारली. मामा मला जाळीच्या वरच्या अंगाला एका उंचवट्यावर घेऊन गेले. "हितनं सगळं दिसतंय," ते म्हणाले. "काळं पाणी येतंय ते बी, आन् निवळ पाणी नदीला जातंय ते बी. पोरास्नी लांब चालायला नको."

"आणि वास?"

"हितं वास न्हाई."

जुलै महिना होता. वारा पश्चिमेचा, तो सगळा वास पलीकडं घेऊन जात होता. मलाही काही आला नाही.

मग मी माझं शहाणपण चालवलं. केंद्रावर रोजचं रजिस्टर असतं. पाण्याची पातळी, रंग आणि वास, असे त्यात रकाने असतात, आणि मामा ते रोज भरत. सहा वर्षांची रजिस्टरं मी ऑफिसात आणून चाळली. सुरुवातीच्या पानांवर वासाच्या रकान्यात काय काय लिहिलेलं होतं: नासक्या अंड्यासारखा, आज कमी, पावसानंतर जास्त. २०२१च्या मे महिन्यापासून पुढं मात्र रोज एकच शब्द होता, 'सामान्य'. मला तिथं थांबायला हवं होतं. पण त्याच सुमाराला केंद्रावर टाक्यांत हवा सोडणारे नवे ब्लोअर बसले होते. मी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या आणि समितीला रंगीत आलेख काढून दाखवला, की गेल्या दोन वर्षांत वासाचा त्रास नाही. टेबलाभोवतीच्या कुणीच विचारलं नाही, की रकाना भरणाऱ्याचं नाक शाबूत आहे का.

ते शाबूत नव्हतं. मला हे दीड वर्षानं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. २०२१च्या तापातून मामा वाचले आणि त्यांचं नाक गेलं. दूध उतू जाऊन जळलं तरी कळेना, तेव्हा कृपाबाईच्या लक्षात आलं. मामांनी तिला कुणाला न सांगायची शपथ घातली, कारण नाक नसलेल्या माणसाला असल्या केंद्रावर कोण ठेवणार. मला दाखवलेली जागा त्यांनी मुद्दाम चुकीची दाखवली नव्हती. ताप यायच्या आधीची आठवण सांगितली होती. तेव्हा त्या उंचवट्यावर खरंच वास नसे. नंतर त्याच्या पूर्वेला गाळ वाळवायचे नवे वाफे झाले, आणि ते मामांच्या डोळ्यांना दिसत होते तेवढेच.

वास ओळखायची त्यांची दुसरी तऱ्हा होती. ते समोरच्याचा चेहरा बघायचे. नाकपुडी हलली, भुवई आक्रसली, रुमाल खिशातून निघाला, की मामा म्हणायचे, "आज जरा जास्त हाय." साडेतीन वर्षं त्यांनी यावर नोकरी केली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

एकदा मला लागायला हवा होता. नोव्हेंबरात पायाची आखणी करायला मी सकाळी गेले. गवंडी चुन्याची फक्की टाकत होते. वारा आता पूर्वेचा झाला होता आणि वाफ्यांवरून असा भपकारा आला, की मला श्वास घेववेना. मी चेहरा सरळ ठेवला, का ठेवला कोण जाणे, आणि विचारलं, "मामा, वास येतोय का हो?" त्यांनी लांब श्वास घेतला. पण श्वास घेताना ते माझ्या तोंडाकडं बघत होते. तिथं काही सापडलं नाही, तेव्हा म्हणाले, "न्हाई मॅडम." ते बघणं मला खटकलं. पण नकाशा मंजूर झालेला, परवा भूमिपूजन, पत्रिका वाटून झालेल्या. जागा बदलायची म्हणजे बापूसाहेबांसमोर उभं राहून माझं चुकलं असं म्हणावं लागलं असतं. मी गवंड्यांना म्हटलं, चालू द्या. पुढच्या थंडीत काम करणारी पोरं नाकाला गमछा बांधून विटा चढवत होती. तो धुळीसाठी आहे असं मी धरून चालले.

सव्वा वर्षात इमारत उभी राहिली. जाळीवर झुकलेली लांब गॅलरी, तिला मोठाल्या काचा आणि काचांच्या वर उघडे झरोके, मोकळी हवा खेळावी म्हणून. झरोक्यांवर माझा फार जीव होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन झालं. प्रमुख पाहुण्या एक मोठ्या अधिकारी बाई होत्या, सोबत त्यांचा लवाजमा, तेरा गावांचे सरपंच आणि फेटे बांधलेले बापूसाहेब. मामांनी कृपाबाईनं कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला होता. गळ्यात कार्ड. हातात काठी. दाढी इतकी घोटलेली की गालावर रक्ताचा ठिपका होता.

फीत कापून मंडळी गॅलरीत आली आणि वारा वाफ्यांवरून सरळ झरोक्यांत शिरला.

मामांनी सुरुवात केली, "पाणी आजारी हाय असं समजा." बाईंनी रुमाल नाकाला लावला. एक सरपंच खोकत बाहेर गेला. मामांनी ते चेहरे पाहिले, पण इतकी वाकडी झालेली तोंडं त्यांनी एका जागी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांनाच एवढा वास येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना वाटलं आपलं बोलणं नीट होत नाही. ते थांबले, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आता मोठ्यानं आणि सावकाश. "पाणी आजारी हाय असं समजा, मॅडम." बाईंना उलटी झाली. नव्या कोऱ्या फरशीवर, बापूसाहेबांच्या बुटांपाशी. पाच मिनिटांत गाड्या निघून गेल्या आणि पेढ्यांचे खोके तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. बापूसाहेब आवाज न चढवता बोलत होते, आणि ते तसे बोलतात तेव्हा माणसं खुर्चीत आक्रसतात. "जागा कुणी ठरवली?" त्यांनी विचारलं.

मी जुनी-नवी सगळी रजिस्टरं बरोबर घेऊनच गेले होते. याचा अर्थ काय ते तुम्हीच समजा. मी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ऑपरेटरच्या नोंदींवरून ठरवली. जागाही त्यांनीच दाखवली." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मारुतरावांनी पानं उलटली, आणखी उलटली आणि मान वर करून म्हणाले, "साडेतीन वर्षं एकच शब्द? मामा, तुम्हाला वास येतो का?"

मामा दाराशी उभे होते. "येतोय की," ते म्हणाले.

बापूसाहेबांना हसू आलं. त्यांनी शिपायाला पाठवलं आणि तीन बाटल्या भरून आणवल्या. मग गळ्यातलं उपरणं काढून स्वतःच्या हातानं मामांच्या डोळ्यांवर बांधलं. त्यांना काही संशय आला होता की नुसती गंमत म्हणून बांधलं, मला अजून कळलेलं नाही. "एकीत मोगऱ्याचं अत्तर हाय," ते म्हणाले, "एकीत रॉकेल आन् एकीत आपला गाळ. वळख बरं." त्यांनी बोट ओठांवर ठेवून आम्हा सगळ्यांना गप्प बसायची खूण केली आणि पहिली बाटली मामांच्या नाकाखाली धरली. ती गाळाची होती. मी तीन खुर्च्या लांब होते तरी मी श्वास रोखला.

मामांनी श्वास घेतला. मग मान जराशी वळवली, एकदा इकडं, एकदा तिकडं. कुणी खाकरतंय का, कुणाची खुर्ची मागं सरकते का, हे ते ऐकत होते. कुणीच हललं नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, अगदी पोटातून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "मोगरा," ते म्हणाले. "लई चांगला हाय, साहेब."

सगळी खोली हसली. तेरा सरपंच, मारुतराव, शिपाई. मीही हसले. तोंडावर हात ठेवून, पण हसले. बापूसाहेबांनी दुसरी बाटली धरली. ती अत्तराची. हशावरून मामांना आपलं चुकल्याचं कळलं होतं, म्हणून ते घाईनं म्हणाले, "गाळ, गाळ." तेव्हा एका सरपंचानं टेबलावर डोकंच टेकलं.

उपरणं सोडल्यावर मामांचे डोळे बराच वेळ उजेडाला उघडेनात. "तापात गेलं साहेब," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणले येईल परत. मी वाट बघत व्हतो." मग बापूसाहेबांना नाही, मारुतरावांना नाही, मला म्हणाले, "मॅडम, बोलायला नाक लागत न्हाई. गाईडचं काम मला येतंय." मी रजिस्टरं गोळा करायला लागले.

मारुतरावांनी नियम वाचून दाखवला. सांडपाण्याच्या विहिरीत गॅस साचला तर या माणसाला कळणार नाही, स्वतः मरेल आणि चौघांना घेऊन मरेल, असा माणूस ऑपरेटर म्हणून ठेवता येत नाही. ते म्हणाले ते बरोबर होतं. गाईडचं बोलायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण पाहुण्यांपुढं पुन्हा ते तोंड बापूसाहेबांना नको होतं. मामांकडून त्याच दिवशी किल्ल्या आणि गळ्यातलं कार्ड काढून घेतलं.

आठवड्यानं कृपाबाई माझ्या ऑफिसात आली. पदर डोक्यावरून, हातात पिशवी, खुर्ची दिली तरी बसली नाही. "बाई, नकाशावर सही तुमची हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग जागा बी तुमचीच झाली की. तेवढं एका कागदावर लिहून द्या. पयलं काम परत न्हाई दिलं तरी चालंल, पर बघायच्या इमारतीत झाडलोटीला तरी घेऊ द्या. एंजलच्या शाळेची सहल फेब्रुवारीत हाय. त्या दिवशी त्यांना आतमधी असू द्या."

मी म्हटलं, बघते मामी. तेव्हा इमारतीच्या दुरुस्तीचं काम कुणाला द्यायचं हे समितीत ठरायचं होतं. ते मलाच मिळालं. कागद मी लिहिला नाही. लिहायला बसलेही नाही, म्हणजे मन खात होतं वगैरे सांगायचीही सोय नाही.

मामांना काम मिळालं, पण दुसरंच. जाळीत अडकलेली घाण दाताळ्यानं ओढून काढायला कोंडिबा नावाचा मुकादम माणसं पुरवतो. तिथं कुणी टिकत नाही. यूपी-बिहारची पोरंसुद्धा चार दिवसांत कंपनीची वाट धरतात. कोंडिबा मिशन कंपाउंडमध्ये स्वतः जाऊन मामांना घेऊन आला. "असा माणूस शोधून घावत न्हाई मॅडम," तो मला कौतुकानं म्हणाला. "बाकीच्यास्नी तासा-तासानं बाहेर काढाय लागतंय. ह्यांना सकाळी उतरवलं की थेट संध्याकाळी काढायचं." वास येत नाही म्हणून जो माणूस वर कट्ट्यावर धोक्याचा होता, तोच खाली जाळीच्या हौदात सोयीचा झाला. मारुतरावांनी त्याच्या कागदावर सही केली.

मी माझी दुरुस्ती केली. झरोके बुजवले. दोन काचा, मध्ये पोकळी, कडेला रबर, आत एसी. आता गॅलरीत बाहेरचा वास येत नाही आणि बाहेरचा आवाजही येत नाही. पेपरात फोटो आला. गाईड म्हणून बापूसाहेबांची पुतणी नीलम लागली. गोड मुलगी, उच्चार स्वच्छ. तिला पाठ करायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी फोनमधलं मामांचं रेकॉर्डिंग ऐकून, भाषा जरा शुद्ध करून, दोन पानं टाईप करून दिली.

फेब्रुवारीच्या शेवटी मी काचांचं रबर तपासायला गेले होते. मारुतरावांना तसं लिहूनही दिलं, की आत वास येत नाही. त्याच वेळी शाळेची बस आली. निळ्या गणवेशातल्या चाळीसेक मुली दोन-दोनच्या रांगेत गॅलरीत शिरल्या. नीलमनं काठी उचलली. "समजा, पाणी आजारी आहे," ती म्हणाली, "आणि ते रुग्णालयात दाखल झालं आहे." मुली काचेला चिकटल्या.

खाली, काचेपासून दहा-बारा फुटांवर, मामा गुडघाभर बूट घालून जाळीशी उभे होते. त्यांनी मान वर केली. गणवेश ओळखला. मग एकेक चेहरा बघत त्यांनी एंजलला हुडकलं. ती अगदी पुढं होती. मामांनी दाताळं भिंतीला टेकवलं, हात पँटला पुसले, केस मागं सारले आणि बोलायला सुरुवात केली. जाळीकडं हात केला, मग पहिल्या टाकीकडं, तळवा खाली दाबून जड जड खाली बसल्याचं दाखवलं. ओठ भराभर हलत होते. आमच्याकडं नीलमच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"ते आजोबा काय बोलतायत?" एका मुलीनं विचारलं.

"ते सफाईवाले आहेत," नीलम म्हणाली. "इकडं लक्ष द्या."

एंजल हलली नाही. तिला ऐकू यायची गरजच नव्हती. भाषण कुठवर आलंय हे तिला आजोबांच्या हातांवरून कळत असणार. मागून कुणीतरी म्हणालं, "ई, कसले घाण आहेत," आणि दोघी-तिघींनी नाकं दाबली. मग सगळा घोळकाच दाबायला लागला, हसत, एकमेकींकडं बघत. एंजलनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं आणि तिनंही नाक दाबलं.

आत वासाचा कणही येत नव्हता. हे त्या गॅलरीत मला एकटीला खात्रीनं माहीत होतं, आणि मामांना ते कळायला काही मार्ग नव्हता. त्यांना चेहरेच तेवढे वाचता येत होते. नातीच्या नाकावरची दोन बोटं त्यांनी पाहिली आणि बोलता बोलता ते थांबले. बाही नाकाशी नेली आणि जोरानं हुंगली. मग दुसरी बाही. काही कळलं नसणार. तरी त्यांनी वर बघून, चूक झाली असे हात जोडले आणि मागं सरकायला लागले, एकेक पाऊल, तोंड आमच्याकडंच ठेवून. पार पलीकडच्या भिंतीला पाठ लागली तेव्हा ते थांबले आणि तिथून एंजलकडं बघत राहिले, आता तरी तिनं बोटं काढली का ते. नीलमनं मुलींना पुढच्या दालनात नेलं.